नवी मुंबईत घर घेताना: नळ कुणाचा, गटार कुणाचं, कर कुणाला?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकहून बदली होऊन नवी मुंबईत येणारं एक जोडपं. तीन घरं बघून ठेवलीत: नेरुळमधला तीसेक वर्षं जुन्या इमारतीतला फ्लॅट, खारघरमधला दहा-बारा वर्षांचा आणि उलव्यातला नवाकोरा. पत्नीला सहावा महिना चालू आहे, सोबत सत्तरीतले वडील आहेत. त्यांनी विचारलंय, "हे नियोजित शहर आहे म्हणतात. मग पाणी, कचरा, दवाखाना, बस, दाखले हे सगळं एका कार्यालयात होतं का? सिडको आणि महापालिका यांत फरक काय? आणि आम्ही कुठे घर घ्यावं?"

एका कार्यालयात होत नाही. तुमची तिन्ही घरं नवी मुंबईतच आहेत, पण तिन्ही ठिकाणी सेवा देणारे वेगवेगळे आहेत. अठ्ठावीस वर्षं मी पाणी आणि गटारांच्या कामात काढली. त्यात सगळ्यांत जास्त वेळा ऐकलेलं वाक्य म्हणजे "ते आमच्याकडे येत नाही." नागरिक वैतागतात ते योग्यच आहे, पण बहुतेक वेळा समोरचा कर्मचारी खोटं बोलत नसतो. म्हणून घराचे दर बघायच्या आधी हे शहर कसं उभं राहिलं ते समजून घ्या. पुढचं निम्मं उत्तर त्यातच आहे.

मुंबईला उत्तरेकडे ताणत नेण्याऐवजी खाडीच्या पलीकडे नवं शहर वसवावं, ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी १९६५ साली 'मार्ग' मासिकातून मांडली. सरकारने ती उचलली आणि १७ मार्च १९७० रोजी सिडको, म्हणजे शहर व औद्योगिक विकास महामंडळ, स्थापन झाली. ठाणे आणि तेव्हाचा कुलाबा, म्हणजे आजचा रायगड, या दोन जिल्ह्यांतली ९५ गावांची सुमारे ३४४ चौरस किलोमीटर जमीन नव्या शहरासाठी ठरली. एकच मोठं केंद्र न करता चौदा नोड, म्हणजे छोटी छोटी उपनगरं, आखायचे, प्रत्येकाला आपलं स्टेशन, बाजार, शाळा, मैदान द्यायचं, असा आराखडा होता. वाशी, नेरुळ, बेलापूर, खारघर, उलवे, द्रोणागिरी हे सगळे त्यातलेच नोड.

पैशाची रचना अशी होती की जमीन हेच भांडवल. सिडकोने जमीन विकसित करायची, भूखंड भाडेपट्ट्याने विकायचे, त्या पैशातून पुढचे रस्ते, नळ, गटारं आणि स्टेशनं बांधायची. सिडको ही कंपनी कायद्याखाली नोंदलेली सरकारी कंपनी आहे, तिला नगरसेवक नाहीत. शहर बांधून झालं की रोजचा कारभार लोकनियुक्त संस्थेकडे जावा हे ओघानेच आलं. ऐरोली-दिघ्यापासून बेलापूरपर्यंतच्या पट्ट्यासाठी नवी मुंबई महानगरपालिका १ जानेवारी १९९२ पासून कामाला लागली. दक्षिणेकडचे खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल हे नोड १ ऑक्टोबर २०१६ रोजी झालेल्या पनवेल महानगरपालिकेत गेले. उलवे आणि द्रोणागिरी दोन्हींत नाहीत, तिथे सिडकोच.

पण महापालिका झाली म्हणजे सेवा त्या दिवशी हातात आल्या, असं होत नाही. आमच्या भाषेत त्याला हस्तांतरण म्हणतात. रस्ता मोजायचा, दिव्याचे खांब मोजायचे, गटारांचे नकाशे जुळवायचे, दुरुस्तीचा खर्च कुणी करायचा यावर बैठका घ्यायच्या, मग सह्या. हे नोडगणिक आणि सेवेगणिक चालतं. घणसोलीचं हस्तांतरण महापालिका होऊन दोन दशकं उलटल्यावर झालं. पनवेलच्या नोडांत कचरा आधी पालिकेने घेतला, रस्ते-उद्यानं नंतर, पाणी मात्र सिडकोच्याच बिलावर राहिलं. याचा चटका लोकांना बसला तो करात. सेवा सिडको देत होती म्हणून खारघर-कामोठ्याच्या रहिवाशांनी सिडकोचं सेवाशुल्क भरलं आणि नंतर पनवेल पालिकेची मालमत्ता कराची बिलं आली ती २०१६ पासूनची. एका कालावधीचे पैसे दोनदा का, हा त्यांचा प्रश्न रास्त होता आणि तो कोर्टापर्यंत गेला. खारघरचा फ्लॅट घ्यायचा असेल तर विकणाऱ्याकडून मालमत्ता कराची अलीकडची पावती तर मागाच, शिवाय २०१६ पासूनची थकबाकी किती दिसते तेही ऑनलाइन बघून व्यवहाराच्या कागदात लिहून घ्या. थकबाकी मालमत्तेवर चढते, माणसावर नाही, म्हणून ती तुमच्या गळ्यात येते.

आता पाणी, कारण घर निवडताना मी पहिल्यांदा तेच बघेन.

नवी मुंबई महापालिकेकडे स्वतःच्या मालकीचं धरण आहे. खालापूर तालुक्यात धावरी नदीवरचं मोरबे. तिथून पाणी भोकरपाड्याच्या शुद्धीकरण केंद्रात येतं, त्याची क्षमता रोजची ४५ कोटी लिटर, आणि पुढे मोठ्या जलवाहिनीतून थेट दिघ्यापर्यंत जातं. राज्यात स्वतःचं धरण असलेल्या महापालिका थोड्याच आहेत. नेरुळच्या घराचं सगळ्यांत मोठं बळ हे आहे. उत्तरेकडच्या दिघा पट्ट्यात आणि औद्योगिक वसाहतीतल्या वस्त्यांत एमआयडीसीचं बारवी धरणाचं पाणीही येतं, ते वेगळं गणित. खारघरला सिडको देते ते पाणी अनेक ठिकाणांहून गोळा केलेलं असतं: पेणजवळच्या हेटवणे धरणाचं आणि काही प्रमाणात मोरब्याच्या वाहिनीवरचंही. म्हणून भोकरपाड्याला दुरुस्तीसाठी शटडाउन घेतला की बातमीत नेरुळ-बेलापूरसोबत कामोठे आणि खारघरचंही नाव असतं. उलव्याचा भार मुख्यतः हेटवण्यावर.

'पाणी चोवीस तास आहे' असं एजंट सांगेल. त्याच्याकडे पाणी नाही, टाकी आहे. नळाला किती वेळ पाणी येतं आणि सोसायटीची जमिनीखालची टाकी किती लिटरची, हे दोन आकडे सेक्रेटरीला विचारा. मग मागच्या दोन वर्षांच्या हिशोबात एप्रिल ते जूनमधली टँकरची बिलं बघा. माझ्या अनुभवात पाणीटंचाईचा त्याहून खरा पुरावा नाही. नव्या इमारतीत बिल्डर टँकर स्वतःच्या खिशातून आणतो, सोसायटी ताब्यात आली की बिल तुमच्याकडे येतं. उलव्याच्या इमारतीसाठी भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे राहायला जाण्याची परवानगी, झालं आहे का आणि कायमची नळजोडणी मिळाली आहे का, हे दोन कागद स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय बयाणा देऊ नका.

पाणी घरात येण्याइतकंच पाणी शहरातून बाहेर जाणं या शहरात कठीण आहे, आणि याविषयी कुणी बोलत नाही, म्हणून जरा थांबून सांगतो.

वाशी, नेरुळ, बेलापूर, उलवे यांचा बराच भाग पूर्वी खाजण होता. मिठागरं, भातखाचरं, तिवरं. मोठ्या भरतीच्या पाण्यापेक्षा ही जमीन खाली. भराव घातला तरी सगळी जमीन भरतीच्या वर उचलणं खर्चाच्या आवाक्यात नव्हतं, म्हणून धारण तलाव केले, ज्याला आम्ही होल्डिंग पॉण्ड म्हणतो. सेक्टरमधली पावसाळी गटारं तलावात येतात. तलाव आणि खाडी यांच्यामध्ये झडपा असतात. भरती आली की खाडीचं पाणी बाहेरून झडप दाबून बंद करतं, त्या काळातला पाऊस तलावात साठतो. ओहोटी लागली की आतल्या पाण्याचा दाब वरचढ होऊन झडप उघडते आणि तलाव खाडीत रिकामा होतो. नेरुळला लोक 'ज्वेल ऑफ नवी मुंबई' म्हणून ज्या तळ्याभोवती सकाळी फिरतात, तो असाच धारण तलाव. तुमचे वडीलही तिथेच फिरतील बहुधा.

नोकरीच्या सुरुवातीच्या एका जुलैत एका नोडमध्ये दोन सेक्टरांत गुडघाभर पाणी भरलं. पाऊस फार नव्हता. आम्ही गटारं बघत होतो, पंप लावत होतो. जवळच्या गावातले एक आगरी आजोबा छत्री धरून बराच वेळ तलावाच्या बांधावर उभे होते. ते म्हणाले, "साहेब, तुमची उघाडी वाजत नाय." खाजणातल्या भातशेतीच्या बांधाला जी झडप असते तिला इकडे उघाडी म्हणतात. भरती चढताना ती चौकटीवर आपटून बंद होते, त्याचा एक ठोका येतो. त्यांचं आयुष्य तो ठोका ऐकण्यात गेलं होतं. दोन तासांनी ओहोटी लागल्यावर माणूस खाली उतरला, तर चौथ्या झडपेत लाकडाचा ओंडका आणि त्याला गुंडाळलेलं पोतं अडकलेलं. झडप वीतभर उघडी राहिली होती आणि त्या वीतभरातून प्रत्येक भरतीला खाडी आत येत होती. तलाव पाऊस पडायच्या आधीच अर्धा भरलेला. सिडकोच्या झडपा आणि आगऱ्यांची उघाडी यांचं तत्त्व एकच आहे, आणि ते ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं त्यांची जमीन घेऊन आपण हे शहर बांधलं, हे त्या दिवशी मला पहिल्यांदा नीट कळलं.

आज या तलावांची अडचण गाळाची आहे. गटारांतून माती येते, तळ वर येतो, साठवण घटते. गाळावर तिवरं उगवतात. तिवरांना उच्च न्यायालयाच्या आदेशाचं संरक्षण आहे आणि ते असलंच पाहिजे, पण त्यामुळे गाळ काढायला परवानग्यांची मोठी वाट चालावी लागते. तोवर साडेचार मीटरच्या वरची भरती आणि मुसळधार पाऊस एका वेळी आले की सखल सेक्टर भरणारच. घर बघताना इमारतीच्या फाटकापाशी उभे राहा आणि रस्ता वर आहे की आवार, ते बघा. जुन्या नोडांत रस्त्यावर थरावर थर चढले, काँक्रिटीकरण झालं आणि इमारती होत्या तिथेच राहिल्या. आवार रस्त्यापेक्षा खाली असेल, पंपाची खोली आणि विजेचे मीटर तळमजल्यावर असतील, तर पहिल्याच जोराच्या पावसात पाणी, लिफ्ट आणि वीज तिन्ही एकदम जाऊ शकतात. उलव्यात आणखी एक बाब: विमानतळासाठी उलवे टेकडी छाटली गेली आणि उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला. तिथलं पाणी वाहण्याचं जुनं चित्र बदललं आहे. शेजारच्या सोसायटीत जाऊन मागचे दोन पावसाळे कसे गेले ते विचारा.

मैल्याच्या बाबतीत नवी मुंबई महापालिका खरोखर पुढे आहे. भुयारी गटारं, जागोजाग उपसा केंद्रं, शेवटी चांगल्या तंत्राची शुद्धीकरण केंद्रं, आणि आता प्रक्रिया केलेलं पाणी उद्योगांना देण्याचंही काम. कचऱ्यातही: तुर्भ्याला शास्त्रोक्त क्षेपणभूमी आहे, ओला-सुका वेगळा द्यावाच लागतो, आणि स्वच्छ सर्वेक्षण २०२३ मध्ये शहर देशात तिसरं आलं. ही कामं दिसत नाहीत, म्हणून करणाऱ्यांची नावं कुणाला ठाऊक नसतात.

बाकीच्या सेवा भराभर सांगतो. वीज तिन्ही ठिकाणी महावितरणची. पोलीस तिन्ही ठिकाणी नवी मुंबई आयुक्तालयाचे. इथे सगळे नोड एकत्र आहेत, देवाची कृपा. पण महसुली तालुका वेगळा: नेरुळ ठाणे तालुक्यात, खारघर आणि उलवे पनवेल तालुक्यात, म्हणजे रायगड जिल्हा. उत्पन्नाचा दाखला, रहिवास दाखला, दस्त नोंदणी यांच्या चकरा त्याप्रमाणे पडतील. गाडीची नोंदणी नेरुळला असाल तर एमएच ४३, खारघर-उलव्याला एमएच ४६. महापालिकेची एनएमएमटी बस हद्द ओलांडून पनवेल, उरण, मुंबईपर्यंत जाते, हा एक सुखद अपवाद. खारघरला बेलापूर ते पेंधर मेट्रो आहे, अकरा स्थानकांची, नोव्हेंबर २०२३ पासून चालू. उलव्याला खारकोपर आणि बामणडोंगरी ही नेरुळ-उरण मार्गावरची स्टेशनं, शिवाय जानेवारी २०२४ पासून अटल सेतू. या पट्ट्यातली स्टेशनं सिडकोने बांधली, रेल्वेमार्गाच्या खर्चातला ६७ टक्के वाटाही तिनेच उचलला. म्हणून गाड्या रेल्वेच्या आणि स्टेशनची इमारत सिडकोची. छत गळत असेल तर तक्रार सिडकोकडे, इंडिकेटर बंद असेल तर रेल्वेकडे.

नेरुळच्या जुन्या फ्लॅटबद्दल दोन गोष्टी. सेवा महापालिकेच्या असल्या तरी जमीन सिडकोच्या ६० वर्षांच्या भाडेपट्ट्यावर असते, म्हणून पुनर्विक्रीला सिडकोचं हस्तांतरण शुल्क (इथे हस्तांतरण म्हणजे घर नव्या मालकाच्या नावावर होणं) आणि नोंद लागते. ही नोंद न करता केवळ दस्त करून बसलेले लोक मी पाहिलेत. पुनर्विकासाची वेळ आली की त्यांची फाइल अडते. आणि इमारत ३० वर्षांची झाली की संरचनात्मक तपासणीचं प्रमाणपत्र कायद्याने बंधनकारक आहे. ते मागा. महापालिका दर पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींची यादी जाहीर करते, तीही चाळा.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी एक सांगितलं पाहिजे. शोधाशोध करताना तुम्हाला कमी दरातले फ्लॅट दिसतील, गावठाणातले किंवा गावालगतचे. या ९५ गावांच्या लोकांनी आपल्या जमिनी कवडीमोल भावात दिल्या. जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तान फाट्याच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचं तत्त्व आलं आणि पुढे विमानतळबाधितांना साडेबावीस टक्के मिळाले. पण गावठाणाची हद्द वेळेत वाढवली गेली नाही. मुलांची लग्नं झाली, घरं वाढवावी लागली, ती 'गरजेपोटी बांधलेली घरं' म्हणून कागदावर अनधिकृत राहिली. त्या कुटुंबांच्या हक्काचा प्रश्न सुटायलाच हवा आणि त्यात मी त्यांच्या बाजूने आहे. मात्र त्याच नावाखाली बाहेरच्या गुंतवणूकदाराने उभी केलेली सात मजली इमारत ही वेगळी गोष्ट आहे. तिथे भोगवटा प्रमाणपत्र नसतं, बँक कर्ज देत नाही आणि गावासाठी टाकलेल्या छोट्या नळावर शंभर कुटुंबं येतात. तिथे घर घेऊ नका.

तर कुठे घ्यावं? तुमच्या घरात पुढचं वर्षभर तान्हं बाळ आणि म्हातारं माणूस असणार आहे, म्हणून मी नेरुळ म्हणेन. पाणी खात्रीचं आहे, महापालिकेचं रुग्णालय नेरुळमध्येच आहे, वाशीचं प्रथम संदर्भ रुग्णालयही जवळ. लसीकरणाला नागरी आरोग्य केंद्र चालत गाठता येतं आणि तक्रारीला दार एकच, विभाग कार्यालयाचं. इमारतीच्या तपासणीचा अहवाल वाईट निघाला तर खारघर, थकबाकीचा निकाल लावून. उलवे वाढणारा नोड आहे, विमानतळ आणि सेतूमुळे भाव चढतील, पण तिथे आज रात्री दोन वाजता मूल आजारी पडलं तर तुम्हाला खाडी ओलांडून नेरुळ-बेलापूरलाच यावं लागेल. पाच वर्षांनी तिथे जरूर बघा.

कुठेही राहिलात तरी तक्रार तोंडी करू नका. नोंद क्रमांक घ्या. नळजोडणी, कर आकारणी, नावात बदल अशा सेवा लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली अधिसूचित आहेत. किती दिवसांत द्यायच्या ते कार्यालयातल्या फलकावर लिहिलेलं असतं, मुदत उलटली की पहिलं अपील त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे करता येतं. खारघरसारख्या ठिकाणी एकच अर्ज सिडको आणि पालिका दोघांच्या आवक खिडकीवर द्या आणि दोन्ही पोचपावत्या एकमेकांना जोडा. "आमच्याकडे येत नाही" हे मग लेखी द्यावं लागतं.

आणि बाळाचं. जन्माची नोंद तुम्ही राहता तिथे होत नाही, जन्म जिथे झाला तिथे होते. उलव्यात राहून वाशीच्या रुग्णालयात बाळंतपण झालं तर दाखला नवी मुंबई महापालिकेचा, आणि माहेरी नाशिकला झालं तर नाशिकचा. रुग्णालय माहिती कळवतं, पण आई-वडिलांच्या नावाचं स्पेलिंग तुमच्या आधारप्रमाणे भरलं गेलंय का, हे घरी सोडायच्या आधी त्या फॉर्मवर स्वतः वाचा. त्या एका अक्षराच्या दुरुस्तीसाठी चार-चार महिने फिरणारी कुटुंबं मी पाहिली आहेत. २१ दिवसांच्या आत नोंद झाली तर शुल्क नाही. नाव ठरलं नसेल तर घाई करू नका, नावाशिवायही नोंद होते आणि वर्षभरात नाव विनाशुल्क घालता येतं.